तीन सुया आणि एक वाकळ

2024 च्या डिसेंबरात मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली तेव्हा पत्नीला रजा मिळण्याची शक्यता नव्हती, आणि माझ्या उरलेल्या किरकोळ रजा मात्र 31 डिसेंबरला बुडणार होत्या. त्यामुळे बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा यांना घेऊन मी 24 तारखेला सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरून एसटीने गावी गेलो. आमचे गाव राधानगरीच्या रस्त्याला, हळदीच्या पुढे आत वळल्यावर, भोगावतीच्या काठी आहे. तेथील जुन्या कौलारू घरात माझी आत्ती राहते. यजमान वारल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच. तिचे वय 77 असून एक म्हैस, सहा कोंबड्या, परसातला अळूचा वाफा आणि दहा गुंठे जमीन एवढा तिचा प्रपंच आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून तिने कोल्हापूरला यावे म्हणून आम्ही अनेकदा आग्रह केला, पण तिचे उत्तर ठरलेले असते : “फुकट हाय म्हणून काय नुसतं फिरत बसू?”

मुलीच्या दप्तरात सुट्टीचा एक प्रकल्प होता. त्याचे नाव ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी शाळेनेच दिली होती. तीत फोमशीट, चमकीचा कागद, लोकरीचे गोंडे, गोंद वितळवण्याची बंदूक अशा सात वस्तू होत्या. महाद्वार रोडवर चौकशी केली तेव्हा टाकाऊ वस्तू टिकाऊ करण्याचा खर्च 340 रुपये येतो असे कळले, म्हणून गावी जाऊन पाहू, असे सांगून मी ती खरेदी टाळली होती. रात्री जेवणे झाल्यावर मुलीने ती यादी आत्तीला वाचून दाखवली. आत्तीला बाकी सारे समजले, फक्त टाकाऊ या शब्दापाशी ती अडली. आपण जे फेकून देतो ते, असे मुलीने सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तसलं काय न्हाई बघ बाई आमच्यात.” मग उठून तिने माळ्याखालची पत्र्याची ट्रंक ओढली.

ट्रंकेत कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात घातलेली माझ्या आजीची तीन लुगडी, आजोबांची दोन धोतरे, वडिलांचा एक विरलेला पटका आणि मी कॉलेजात असताना वापरलेली एक निळी चादर निघाली. ही चादर हरवली असे मी वीस वर्षे समजत होतो. लुगडे सगळीकडून सारखे विरत नाही, हे मला त्या रात्री प्रथम कळले. नऊवारीत बसण्याच्या आणि काष्ट्याच्या जागी कापड आधी झिजते, पायांशी घोळणारा काठ फाटतो, पदर आणि आतले टोक मात्र बरीच वर्षे शाबूत राहते. म्हणून पूर्वी मधला झिजलेला भाग कापून काढीत, दोन चांगली टोके एकमेकांना जोडीत आणि त्याला दांड घातलेले लुगडे म्हणत. आजीच्या तीनपैकी दोन लुगड्यांना असा दांड होता. म्हणजे ते कापड लुगडे म्हणून एकदा संपले होते, दांडाचे लुगडे म्हणून दुसऱ्यांदा संपले होते आणि आता पुन्हा कामाला लागणार होते. आत्तीने त्याची वाकळ शिवायचे ठरवले. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती आमच्याकडे वाकळ.

“मी एकट्यानं किती दिस शिवू? तूबी हात लाव,” असे म्हणून तिने काड्यापेटीच्या रिकाम्या डबीतून तीन सुया काढल्या आणि माझ्या तळहातावर एक एक करून मोजून ठेवल्या. “तीन दिल्यात. तीन परत घेणार.” (आमच्या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो, मी करतो’ असेच म्हणतात; मुलीला त्याची फार गंमत वाटली आणि दोन दिवसांत तीही तसेच बोलू लागली.)

नाताळचा दिवस कापडे धुण्यात गेला. मुलाने केक मागितला आणि त्याला निखाऱ्यात भाजलेले रताळे मिळाले. तो आधी रुसला आणि मग त्याने दुसरे मागितले. अंघोळी उरकल्यावर हंड्याच्या तळाशी उरलेल्या कढत पाण्यात सोडा टाकून लुगडी भिजवली, आणि दुपारी परसातल्या कुंपणावर वाळत घातली. ज्या पाण्यात ती खळबळली ते पाणी अंगणात सडा म्हणून गेले. अंघोळीचे पाणी अळूला जाते, तांदूळ धुतलेले पाणी म्हशीच्या आंबोणात, म्हणजे तिच्या भिजवलेल्या खाद्यात, जाते, आणि आमच्या घरात पाणी ओतून दिले असे म्हणण्याची वेळ बहुतेक येतच नाही.

घरात गॅस आहे. सिलिंडर उशीच्या जुन्या अभ्र्याने झाकलेला असतो आणि पाहुण्यांच्या चहापुरती शेगडी पेटते. बाकी सारे चुलीवर. पहिल्या दिवशी मला हा नुसता हट्ट वाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून मी चुलीपुढे बसलो आणि एका जाळात किती कामे निघतात ते पाहत राहिलो. रात्री राखेखाली झाकून ठेवलेला विस्तव उकरून त्यावर भुईमुगाची टरफले आणि उसाचा वाळका पाला टाकला आणि फुंकणीने दोनदा फुंकले की जाळ धरतो, काडी ओढावी लागत नाही. या पहिल्या भडक्यावर अंघोळीच्या पाण्याचा हंडा चढतो, कारण पाल्याच्या जाळावर भाकरी करपते, पाण्याला मात्र तो चालतो. भडका बसून शेणी (गोवऱ्या) धरल्या की तवा येतो. त्याच वेळी शेजारच्या वैलावर, चुलीतून पुढे सरकणाऱ्या धगीवर, पावट्याची आमटी शिजत असते. भाकरी तव्यावरून उतरली की निखाऱ्यांना टेकून उभी राहते आणि टम्म फुगते. शेवटची भाकरी निघाली की त्याच निखाऱ्यांत एखादे वांगे किंवा कांदा जातो. मग दुधाचे पातेले चढते आणि जवळजवळ दुपारपर्यंत ते मंद धगीवर राहते, त्यामुळे साय भाकरीसारखी जाड येते. गार झालेल्या राखेने भांडी घासली जातात आणि त्यातूनही उरली तर ती कांद्याच्या तरवावर, म्हणजे कोवळ्या रोपांवर, फेकली जाते. गॅसवर हीच कामे करायची झाली तर प्रत्येक कामाला वेगळा जाळ लागेल, हे तिचे गणित मला तेथे बसल्यावर पटले.

पण तेथेच बसल्यामुळे तिचा खोकलाही मी आठही सकाळी ऐकला. धुराडे आहे, तरी वारे फिरले की धूर उलटा घरात येतो, आणि भाकरी थापणाऱ्या बाईला तेथून उठता येत नाही. काटकसरीच्या संसाराचे कौतुक करणाऱ्यांपैकी मीही एक होतो. त्या संसाराचा खर्च कोणाच्या डोळ्यांतून आणि छातीतून वसूल होतो हे मी एवढ्या जवळून पाहिले नव्हते. निदान अंघोळीचे पाणी गॅसवर तापव, असे मी तिला सुचवले. “इचार करतो,” असे ती म्हणाली, म्हणजे करणार नाही.

खाण्यापिण्याचे फार सांगण्यासारखे नाही. जोंधळ्याची भाकरी, खरडा, पावटा, हरभऱ्याची भाजी, रात्री ताक आणि कण्या, एकदा हुलग्याचे माडगे. आठ दिवसांत दुकानातून चहाची पूड, साखर आणि मीठ एवढेच आले. बाकी जे आमच्याकडे नव्हते ते शेजारून वानवळा म्हणून आले आणि आमच्याकडून पावट्याच्या शेंगा वानवळा म्हणून गेल्या. कोणी काय दिले याची वही कोणी ठेवत नसले तरी प्रत्येकीला ते पाठ असते.

25 तारखेच्या संध्याकाळी सारवलेल्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेतून आणलेले घोंगडे अंथरून त्यावर वाकळ मांडली. तळाला माझी निळी चादर, तिच्यावर धोतरे, मग दांड घातलेल्या लुगड्यांचे तुकडे, विरलेल्या जागी पटक्याच्या पट्ट्या आणि सगळ्यांत वर आजीचे लाल काठाचे इरकल. मी टेपने मोजले तेव्हा लांबी सात फूट आणि रुंदी सव्वापाच फूट भरली. आत्तीने ती आधीच हाताने मोजून पावणेपाच हात आणि साडेतीन हात सांगितली होती. मांडताना ती प्रत्येक थर तळहाताने कडेपर्यंत निपटत होती. एका थरात चुणी राहिली तर ती वरच्या चार थरांतून अंगाला टोचते, असे तिचे म्हणणे होते. मग लांब लांब टाके घालून चारही कोपऱ्यांतून तिरकी टाचणी केली, कडा आत दुमडल्या आणि कोपऱ्यांवर पाटे-वरवंट्यापासून अडकित्त्यापर्यंत हाताला येईल ते वजन ठेवले.

वाकळ कडेने सुरू होते आणि फिरत फिरत आत जाते. एक फेरा पूर्ण झाला की दोन बोटे अंतर सोडून दुसरा, असे करत शेवटी मधोमध पोहोचायचे. टाका साधा धावदोऱ्याचाच असतो, पण पाच थरांतून सुई खाली गेल्यावर तिचे टोक कोठे आले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. डावा हात वाकळेखाली सरकवून ते टोक बोटाला लागेपर्यंत थांबायचे आणि मग ते वर लोटायचे. पहिल्या तासात माझे डावे बोट चाळणीसारखे झाले. आत्तीने सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून माझ्या बोटाला गुंडाळली. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा होता, माझा शेंगदाण्याएवढा, आणि तिची ओळ जेथे संपून माझी सुरू होते ती जागा सोप्याच्या दारातूनही ओळखू येत असे. बसायचे वाकळेवरच, एक पाय दुमडून आणि एक पसरून. आपल्याच वजनाने कापड ताणलेले राहते. माझ्यासारख्या खुर्चीत काम करणाऱ्या माणसाला ही बैठक वीस मिनिटे जमते.

26 तारखेला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. शेजारच्या घरी उद्यापनाचे हळदीकुंकू होते. तेथून निघालेल्या बायका हातात केळे आणि पोथी घेऊन आमच्या दारावरून जाताना वाकळ पाहून आत वळल्या आणि न सांगता भोवती बसल्या. सुया तीनच असल्यामुळे दोघी-तिघींनी आपल्या सुया घरून आणल्या. प्रत्येकीने आपली सुई दोऱ्याच्या रंगावरून ओळखता येईल अशी ठेवली. बोलणे उसाच्या तोडीचे, आजारपणाचे आणि पोरींच्या लग्नांचे चालले होते, आणि हात मात्र बोलण्याशी संबंध नसल्यासारखे पुढे सरकत होते. दीड तासात चार फेरे झाले. मी दोन दिवसांत अर्धा फेराही पुढे गेलो नव्हतो. जाताना त्यांतल्या एकीने माझी ओळ पाहून, “हे कुणी, पोरीनं शिवलंय न्हवं?” असे विचारले आणि माझ्या मुलीने ताबडतोब खरे काय ते सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून खरा घोटाळा झाला. मुलांना घेऊन आत्ती म्हशीकडे गेली होती आणि आपण एकट्याने एक बाजू पुरी करून दाखवावी या ईर्ष्येने मी सलग दोन तास शिवत होतो. ओळ सरळ आली होती, टाकेही बारीक झाले होते. ती परत आल्यावर मी अभिमानाने वाकळेचे टोक उचलले, तर खालचे घोंगडेही बरोबर उचलले गेले. सुईचे टोक बोटाला लागण्याची वाट न पाहता मी ते थेट घोंगड्यातून काढत आलो होतो. आत्ती हसून हसून खाली बसली. मग तिने ओळ उसवायला सांगितली, पण कात्री दिली नाही. दोरा तोडायचा नाही, सुईच्या मागच्या टोकाने एकेक टाका उचलून तो अखंड ओढून काढायचा आणि पुन्हा ओवायचा. शिवायला दोन तास लागले होते, उसवायला अडीच. नवा दोरा मी कोल्हापूरहून मागवतो असे म्हणालो तेव्हा, हा काय मेलाय का, असे तिने विचारले.

त्या अडीच तासांत मी मनाशी हिशेबही केला. दोऱ्याच्या रिळांचे 100 रुपये झाले होते. आम्ही दोघांनी आणि शेजारणींनी मिळून शेवटी साधारण 60 तास शिवले. तेवढ्या तासांची शेतातली मजुरी धरली तर या वाकळेच्या किमतीत बाजारातली कितीतरी ब्लँकेटे येतील, आणि ती हलकी असतात, मऊ असतात. पैशांत मोजायचे तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. हे मी आत्तीला सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि मग विचारले की ब्लँकेटे आणल्यावर या लुगड्यांचे काय करायचे. माझ्या हिशेबात लुगडी नव्हतीच.

शनिवारी संध्याकाळी मुलांना गुऱ्हाळावर नेले. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत, कारण ऊस कारखान्याला घातला की शेतकरी मोकळा होतो. तेथे रसाने भरलेली काहील चुलाणावर उकळत होती आणि जळण म्हणून त्याच उसाची वाळवलेली चिपाडे आत ढकलली जात होती. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकल्यावर मळी फेसासारखी वर आली आणि ती झाऱ्याने काढल्यावर रस हळूहळू तांबूस होत गेला. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहत होता. त्याच्याकडे ना घड्याळ होते ना थर्मामीटर. काहील उतरवण्याच्या आधी त्याने आत्तीच्या तांब्यात काकवी ओतून दिली. पूर्वी 30 किलोचा एक रवा (गुळाची ढेप) असे, आता 10 किलोचा आणि त्याहून लहान करतात, कारण एवढा गूळ एकदम घेऊन ठेवणारी घरे राहिली नाहीत, असे तो म्हणाला. मुलाने उसाचे कांडे गरम गुळात बुडवून खाल्ले आणि शर्टाला जे लागले ते धुऊन निघाले नाही. तो शर्ट आत्तीने ठेवून घेतला. बटणे लगेच काढून डबीत गेली.

30 तारखेला सोमवती अमावस्या होती. अमावस्येला सुई धरायची नाही हा आत्तीचा नियम असल्यामुळे तो दिवस मोकळा गेला आणि 31 च्या रात्री मधला हातभर भाग राहिला. तेथे माझ्याच बाजूने ढकलत आणलेला कापडाचा फुगा जमला होता. आत्तीने तो बोटांनी थोडा थोडा दाबत चारही दिशांना वाटून टाकला. नदीपलीकडे कोठेतरी लाउडस्पीकर लागला होता, अधूनमधून फटाके वाजत होते आणि आम्ही पिवळ्या दिव्याखाली शेवटचा फेरा घालत होतो. अगदी मधोमध शेवटचे चार टाके राहिले तेव्हा तिने मुलाला भाकरीचा तुकडा आणायला सांगितले. वाकळेचे पोट रिकामे ठेवून शिवायचे नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. उंदीर येतील, असे मी म्हणालो. तिलाही ते पटले असावे, कारण तिने त्या तुकड्यातला तिळाएवढा कण तेवढा आत सरकवला आणि उरलेला मुलाला खायला दिला.

1 जानेवारीला सकाळी निघताना मी सुया परत केल्या तेव्हा त्या दोनच भरल्या. घोंगडे झाडले, सोपा झाडला, मुलांची दप्तरे पाहिली, अंगणातल्या धुळीत लोहचुंबक फिरवला. आत्तीने चहा केला, वाकळ दोरीने बांधून दिली, काकवीची बाटली दिली, पण ती फारशी बोलली नाही. चुंबळीसाठी पिळून ठेवलेल्या उरलेल्या चिंध्यांपैकी एक चुंबळ मुलीने प्रकल्प म्हणून शाळेत नेली. त्यावर ‘सजावट कमी’ असा शेरा मिळाला.

वाकळ जड आहे. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली की कोणीतरी अंगावर झोपल्यासारखे वाटते. संक्रांतीच्या चार दिवस आधी तिला पायाशी काहीतरी टोचले. आम्ही दिव्याखाली वाकळ पसरून बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा धोतराच्या आणि लुगड्याच्या थरांमध्ये, माझ्या शेंगदाण्याएवढ्या टाक्यांच्या ओळीतच, तिसरी सुई आडवी पडलेली सापडली. मी लगेच गावी फोन लावला.

“गंजली न्हाई न्हवं?” आत्तीने विचारले. मी नाही म्हणालो. “मग सक्रातीला येताना घिऊन ये. आन् तिच्यात दोरा आसंल तर तोडू नगंस.”